जहाजवालीचं नाव

माझ्या भाचीचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्या नावावरून आमच्या घरात एवढी तोंडातोंडी झाली आहे, की आता ते कागदावर मांडून आणखी चार लोकांच्या तोंडी द्यायची माझी इच्छा नाही. आणि नाव ठेवलंय ते मीच. मी तिची आत्या. बारशाला बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान आत्याचा, आणि नाव घेताच मागच्या बायकांचे पाठीत धपाटे खायचा मानही आत्याचाच. त्या दिवशी धपाटे मात्र कोणी घातले नाहीत. सगळ्यांचे हात होते तिथेच राहिले.

मी धुळ्याला राहते, ब्लाऊज शिवते. भाऊ माझ्याहून लहान, तो जळगावला, पिंप्राळ्यात. वहिनीची दोन बाळंतपणं अर्धवट गेली होती. तिसऱ्या वेळी डॉक्टरीणबाईंनी पलंगावरून उठायचंच नाही म्हणून बजावलं. चाळीसगावहून तिची आई येऊन राहिली, सगळं हातात द्यायला लागली, तरी दिवसभर आढ्याकडे बघून माणूस किती बघणार? मग वहिनी मोबाइलवर एक मालिका बघायला लागली. परदेशातली, हिंदीत बोलणारी. ताऱ्याताऱ्यांतून एक भलंमोठं जहाज चाललंय आणि ते चालवणारी एक पोरगी आहे. आईबाप नाहीत, डोक्यावरचे केस भादरलेले, कोणाचं ऐकून घेईल तर शपथ.

"ताई, तुम्ही बघाच," वहिनी फोनवर म्हणाली. "अगदी तुमच्यासारखी आहे. भांडकुदळ."

मी म्हटलं, बघू तरी मेली कोण आहे माझ्यासारखी. आणि बाई गं, मला असं वेड लागलं की एका गिऱ्हाइकाच्या ब्लाऊजला दोन्ही बाह्या डाव्याच लागल्या. रोज दुपारी वहिनीचा फोन यायचा. आम्ही दोघी तिला जहाजवाली म्हणायचो. जहाजवालीला काल कोंडलं, जहाजवालीला आज जहाजाबाहेर फेकलं. शेजारणींना वाटायचं आमच्या नात्यातच कोणी अशी दुर्दैवी बाई आहे.

"काही झालं तरी ती मरत नाही, ताई," वहिनी म्हणायची. "बघा तुम्ही, ती मरत नाही." हे ती इतक्यांदा म्हणायची की मला कळायचं, ही जहाजवालीचं बोलत नाहीये. पुढे एक दिवस स्पष्टच म्हणाली, "मुलगी झाली तर हेच नाव ठेवायचं. तुम्ही ठेवायचं. शब्द द्या." मी दिला. त्या वेळी द्यायला काय जातंय असं वाटलं होतं.

मुलगी झाली, पण दिवस भरायच्या आधी. मूठभर जीव. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली. आम्ही सगळे बाहेर बाकड्यावर बसून एकमेकांची तोंडं चुकवत होतो. ते दिवस मला आठवायचे नाहीत. शेवटी पोर घरी आली, बारसं सव्वा महिन्यानंतर करायचं ठरलं, आणि मी म्हटलं, सुटलो.

कुठले सुटलो! नानांचा फोन आला. नाना म्हणजे आमचे वडील, भावाजवळच राहतात. मूळचे साक्रीकडचे, सगळी नोकरी शहरात झाली, पण जिवाचं काही बोलायचं असलं की अहिराणीच.

"तुन्ही मायच परत उनी शे," नाना म्हणाले. "मायनंच नाव ठेव. दुसरं काही ठेवानं नही."

आईच परत आली, म्हणत होते. आमची आई जाऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. नानांनी तिची चप्पल अजून दाराजवळून हलवू दिली नव्हती. मला काय आईचं नाव नको होतं का? घरात पुन्हा कोणीतरी त्या नावाने हाक मारतंय, आतून "ओ" येतेय, हे मनात आणलं तरी माझं शिलाईचं मशीन थांबायचं. पण वहिनीला दिलेल्या शब्दाचं काय करू? कापडाला लावायची कात्री माझ्याच मानेला लागली होती.

मी भावाला फोन केला. "अरे, तू बाप आहेस ना पोरीचा? तू बोल नानांशी."

"ताई, तू बघ ना काय ते," भाऊ म्हणाला. "नाना तुझंच ऐकतात."

माझं डोकं असं फिरलं! मी म्हटलं, पाळण्यात तूच जाऊन झोप, तुझंच नाव ठेवते. आणि फोन आपटला.

नानांशी मीच बोलले. जहाजवालीबद्दल सांगितलं, जमेल तेवढं. तारे, जहाज, कशी कुठल्याही संकटातून बाहेर येते, सगळं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून एकच विचारलं.

"आणि शेवटले तिन्हं काय व्हयनं?"

मालिकेचा शेवटचा भाग अजून यायचा होता. मी म्हटलं, शेवट अजून दाखवला नाही.

"मग?" नाना मराठीत आले, म्हणजे रागावले. "पोथीतल्या जिच्या नशिबी वनवास आला तिचं नाव आपण लेकीला ठेवत नाही. आणि हिचा शेवटच माहीत नाही? त्या काचेच्या पेटीतून आलेल्या लेकराला असं नाव ठेवणार तू? तसं असेल तर मी बारशाला बसणार नाही. गावाकडे निघून जाईन." नाना बोललं ते करणारे. तिकडे एकटे जाऊन बसले असते तर त्यांचं काय झालं असतं, ते मला माहीत होतं.

बाळाला मी कुंची शिवली होती, हिरवी खणाची. मागच्या बाजूला नाव भरायला जागा सोडली होती. बारशाच्या दिवशी सकाळी मी धुळ्याहून बस धरली तेव्हा ती जागा तशीच कोरी होती. पिशवीत सुई आणि लाल रेशीम घेतलं होतं. म्हटलं, जे ठरेल ते तिथेच भरून टाकू.

आणि त्याच सकाळी शेवटचा भाग आला होता.

बसमध्ये खिडकीशी बसून मी कानात मोबाइलचं ते बोंडूक घातलं आणि बघायला लागले. नानांना शेवट सांगता येईल, चांगला शेवट, मग काय बोलतील, असं मनात मांडे खात होते. पारोळ्याच्या अलीकडे जहाजाला आग लागली. जहाजवालीने सगळ्यांना दुसऱ्या बाजूला ढकललं, मधलं दार आतून लावून घेतलं, आणि मेली. मला वाटलं येईल परत, नेहमी येते. दोनदा मागे नेऊन पाहिलं. नाही. तिचा चेहरा नीट दाखवला, डोळे उघडे, आणि वर नावं सरकायला लागली.

मी डोळ्यांना पदर लावला. शेजारच्या आजी म्हणाल्या, "काय झालं गं, कोणी गेलं का?" मी मान हलवली. खोटं तरी काय होतं त्यात?

पारोळ्यापासून जळगावपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. वहिनीला हे माहीत नव्हतं, अशी माझी खात्री. बाळंतिणीचे डोळे अधू होतात म्हणून तिच्या आईने सव्वा महिना मोबाइल हातातच धरू दिला नव्हता, तो आत्ता कुठे परत दिला होता, आणि बारशाच्या गडबडीत तिला बघायला वेळ कुठला? सांगावं तर आजच्या दिवशी तिचा जीव घेतल्यासारखं. न सांगता नाव ठेवावं तर उद्या ती बघणारच. मग पोरीला नुसती शिंक आली तरी हिच्या डोळ्यांसमोर ते दार, ती आग. आणि नाना विचारणार होतेच, सगळ्यांदेखत.

घरी पोचले तर अंगण चपलांनी भरलेलं. स्वयंपाकघरात घुगऱ्या शिजत होत्या, पाळण्याला फुलं बांधली होती. नाना पुढच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीवर, पांढरा सदरा घालून. खुर्चीखाली त्यांची कपड्यांची पिशवी बांधून ठेवलेली. माझ्याकडे बघून त्यांनी फक्त ती पिशवी पायाने जरा पुढे सरकवली.

मी सरळ आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. वहिनी नव्या साडीत बाळाला पाजत होती. मला गोलगोल बोलता येत नाही. म्हटलं, "वहिनी, ऐक. ती मेली. जहाजवाली मेली. आज दाखवलं."

ती दचकली नाही. पदर नीट केला आणि म्हणाली, "मला माहीत आहे, ताई. सकाळी बघितलं. तुम्ही घाबराल, नाव घेणार नाही, म्हणून मी बोलले नाही."

"मग? आता कशाला हवंय ते नाव तुला?" माझा आवाज चढला. "मेलेल्या बाईचं नाव? इकडे नाना पिशवी बांधून बसलेत. माझ्या आईचं नाव काय वाईट आहे का?"

तेव्हा ती रडली. बाळंतीण बाईला रडवलं मी, भर बारशाच्या दिवशी.

"वाईट कसं असेल?" ती म्हणाली. "पण पेटीपाशी मला आत सोडायचे, तेव्हा नर्स म्हणायची, हिच्याशी बोला, नावाने हाक मारा. मी कोणतं नाव घेऊ? नाना आईंचं नाव ठेवणार हे मला माहीत होतं हो. मी घ्यायला गेले. पण सून ना मी, ताई. चार वर्षांत सासूबाईंचं नाव कधी जिभेवर आलं नाही, तिथेही येईना. लेकरू मरतंय आणि माझं तोंड उघडेना. मग हे नाव आलं. ह्या नावाला तिने डोळे उघडले, ताई. पहिल्यांदा. मग मी रोज तेच घेतलं आणि ती रोज बघायची. आता तिला दुसऱ्या नावाने हाक मारली तर ती कोणाकडे बघेल?"

माझ्या मनात आधी काय आलं, सांगू? राग आला. म्हणजे नाव कधीच ठेवून झालं होतं, काचेपाशी, आणि मी आपली मान मिरवत बसने आलेली. मग तो रागही जिरला. मी बाळाला तिच्याकडून घेतलं, कोरीच कुंची घातली आणि बाहेर आले.

पाळण्याखालून वरून बाळाची घे-दे झाली. बायका कौतुकाने पुढे सरकल्या. मी वाकणार, तेवढ्यात नाना खुर्चीतून उठले.

"थांब," ते म्हणाले. "आधी सांग. शेवटले काय व्हयनं तिन्हं?"

बायकांना काही कळेना. भाऊ भिंतीकडे बघत होता. वहिनी दारात उभी. "सुखात आहे" एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. नानांनी काय मोबाइल उघडून बघितलं असतं?

"मरी गई," मी म्हटलं. "लोकांना वाचवता वाचवता मेली."

नाना खाली वाकले आणि पिशवी उचलली.

"आणि माय?" मी ओरडलेच. "माय जित्ती शे का, नाना? तिन्हंच नाव ठेवानं ना? मंग तिन्हं शेवटले काय व्हयनं?"

असं बोलायला नको होतं, हे बोलतानाच मला कळत होतं. नाना पिशवी हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांचा चेहरा मला बघवेना. मी पाळण्यात वाकले, कुर्र केलं आणि वहिनीने घेतलेलं नाव, म्हणजे त्या जहाजवालीचं नाव, बाळाच्या कानात सांगितलं. तिने डोळे माझ्याकडे फिरवले. वहिनी खोटं बोलली नव्हती.

वर बघितलं तर नाना खोलीत नव्हते. घुगऱ्या वाटल्या, बायका कुजबुजत गेल्या. संध्याकाळी मी निघाले तेव्हा नाना फाटकाबाहेर उभे होते. भावाला म्हणाले, मी सोडतो हिला. मला वाटलं, हेही गावाकडेच निघाले. पण हातात पिशवी नव्हती. रिक्षात आम्ही शेजारी बसलो. मी मनात माफीची चार वाक्यं जुळवली आणि चारही गिळली.

बस लागली. नानांनी माझी पिशवी खिडकीतून आत दिली आणि खिडकीची दांडी धरून तसेच उभे राहिले.

"ती काचनी पेटीमा व्हती ना," ते म्हणाले, "तवय मी बी एक दिन गयतू. नर्सबाईनी आत जाऊ दिधं. तुन्ही मायनं नाव लिसन हाक मारी. खूप हाका मारी." बस हलली तसे ते दोन पावलं बरोबर चालले. "तिनी डोळा नही उघाडात."