पदराच्या गाठीतली किल्ली

संसार गाडीत घालून हिंडायची हौस मला कधी कळली नाही. इंदापुरात मोटरसायकलचं पंक्चर काढायला थांबलो होतो, तेव्हा साठीच्या एक बाई जुन्या टेम्पोच्या बॉनेटवर गादी टाकून हाताने घासताना दिसल्या. टेम्पोत पलंग, शेगडी, खिडकीला साडीचा पडदा. नवरा-बायको सकाळीच सांगवीहून कन्याकुमारीला निघालेले. नवऱ्याने स्पीडब्रेकरवरून गाडी उडवली आणि आमटीचं पातेलं गादीवर उपडं झालं.

नवरा वैतागून म्हणाला, "चल, माघारी जाऊ. ह्यो तुझा नाद झेपायचा न्हाय."

"माघारी न्हाय जायाचं."

गाडीची किल्ली बाईंच्या पदराच्या गाठीत होती. मी बघतोय म्हटल्यावर त्यांनीच सांगितलं, "घरात रुसलं तर माणूस वट्यावर जाऊन बसतंय. हितं कुठं बसणार? म्हणून ठरीवलंय, भांडण मिटल्याबिगर गाडी सुरू करायची न्हाय."

नवरा उगाच टायरला लाथा मारत गाडीभोवती फिरला. शेवटी म्हणाला, "स्पीडब्रेकर दिसला न्हाय मला."

बाईंनी मान वर केली नाही. "दिसला हुता."

माझं पंक्चर निघालं, तरी मी रेंगाळलो.

"व्हय, दिसला हुता," तो हळूच म्हणाला.

बाईंनी गाठ सोडली. दोघांनी दोन बाजूंनी धरून ओली गादी आत नेली. टेम्पो सोलापूरच्या दिशेने वळला. पुढच्या स्पीडब्रेकरवर तो इतका हळू झाला, की मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

टेम्पोने घाई केली नाही.