एक्केचाळीस नंबरचा मफलर

पारूबाईला गावात कुणी विचारलं की लेक पोलिसात काय करती, तर ती सांगायची, "आमची आम्रपाली सरकारच्या खजिन्यावर हाय. किल्ल्या तिच्याच कमरंला."

आम्रपालीनं आईला दहा वेळा समजावलं होतं, की खजिना नव्हे, मुद्देमालाची खोली. गुन्ह्यात सापडलेल्या वस्तू तिथं ठेवतात. चोरीच्या सायकली, गावठी दारूचे कॅन, कुऱ्हाडी, काठ्या, रक्ताचे कपडे. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत ते सगळं नीट राखायचं, एवढंच काम. पारूबाई सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तेच की. कोर्टाची वस्तू म्हंजे खजिनाच." शेवटी आम्रपालीनं तिचा नाद सोडला.

पाटोद्याकडून डोंगर चढलं की कासारदऱ्याचं पोलीस ठाणं लागतं. ठाण्याच्या मागच्या अंगाला, जुन्या दगडी इमारतीची शेवटची खोली म्हणजे हा खजिना. ठाण्यात कुणालाही ही खोली नको असायची. तिथं ना बाहेर फिरणं, ना कुणाचा सलाम. वर धूळ, उंदीर आणि कुबट वास. बाई माणूस आहे, बसून करण्यासारखं काम आहे, म्हणून २००९ साली ती आम्रपाली ओव्हाळच्या गळ्यात मारली. तिनं मात्र पहिल्याच आठवड्यात अंगावरचा युनिफॉर्म बदलून जुना पंजाबी ड्रेस घातला, नाकाला रुमाल बांधला आणि पाच दिवस खोली झाडली.

झाडझूड आणि मांडामांड हे तिच्या हाताचं काम होतं. बाप बन्सी आणि आई पारूबाई दरवर्षी दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. ती आष्टीच्या वसतिगृहात राहून शिकली. सुट्टीला घरी आली की बंद घर उघडून, झाडून, सहा महिन्यांची ज्वारी कणगीत भरून ठेवायची जबाबदारी तिचीच. कणगी भिंतीपासून हातभर लांब ठेवावी, म्हणजे उंदीर कडेनं चढत नाही. दाण्यात कडुलिंबाचा वाळला पाला टाकावा, म्हणजे कीड धरत नाही. हे पारूबाईनं शिकवलं होतं. आम्रपालीनं खोलीतली सगळी कपाटं भिंतीपासून हातभर पुढं ओढली आणि खणाखणात पाला टाकला. ठाण्यातले लोक हसले. "ओव्हाळ मॅडम, ज्वारी भरायची का हितं?" असं एका हवालदारानं विचारलंसुद्धा. तिनं त्याला उरलेला पाला उचलायला लावला.

त्या खोलीत एक पाकीट होतं, ते तिनं स्वतःच बांधलेलं होतं. गुन्हा क्रमांक एक्केचाळीस, सन दोन हजार सात.

त्या वर्षी फेब्रुवारीत जिल्हा परिषदेची निवडणूक होती. रामेश्वर नावाचा बत्तीस वर्षांचा एक शेतकरी अपक्ष उभा राहिला होता. त्या गटात वीस वर्षं एकाच माणसाचं चालायचं. त्याला सगळा तालुका आप्पा म्हणायचा. आप्पाच्या माणसापुढं उभं राहायची कुणाची छाती नव्हती, आणि हा गडी मोटारसायकलवर गावोगाव फिरून लोकांना सांगायचा की तुमच्या तलावाचं पाणी कुणाच्या रानात जातं ते बघा. मतदानाला चार दिवस राहिले असताना पहाटे गुराख्याला तो रस्त्याच्या पुलाखाली सापडला. डोक्यात गज घातला होता. उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली होती आणि मुठीत तपकिरी लोकरी मफलरचा तुकडा होता. मारणाऱ्याच्या गळ्यातला.

आम्रपाली तेव्हा नवीन शिपाई होती. पंचनाम्याला बाई हवी म्हणून तिला नेलं होतं, कारण रामेश्वरची बायको सत्यभामा तिथं येऊन बसली होती आणि हलत नव्हती. तिला धरून ठेवणं हेच आम्रपालीचं काम. सत्यभामा रडत नव्हती. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, की हा मफलर तात्याबाचा आहे. तात्याबा म्हणजे आप्पाच्या गाडीत मागं बसणारा. लिहून घेणाऱ्यानं ते लिहून घेतलं. पुढं त्याचं कुणी काही केलं नाही.

तुकडा ओला होता. हवालदार तो प्लास्टिकच्या पिशवीत घालायला निघाला, तेव्हा आम्रपाली पहिल्यांदा बोलली. प्रशिक्षणात शिकवलं होतं, की रक्ताचा कपडा ओला बांधला तर कुजतो. सावलीत वाळवून कागदात गुंडाळायचा. हवालदारानं कंटाळून तो तिच्याकडंच दिला. दोन पंचांना बसवून ठेवून तिनं तो वाळवला, खाकी कागदात बांधला, लाखेचं सील केलं, पंचांच्या सह्या घेतल्या आणि खाली आपली केली.

प्रयोगशाळेनं तुकडा त्याच खाकी कागदात बांधून, वर आपलं सील लावून परत पाठवला आणि अहवाल दिला, की कपड्यावर दोन माणसांचं रक्त आहे. एक रामेश्वरचं. दुसरं कुणाचं, ते तपासायला कुणाचं तरी रक्त घ्यायला हवं होतं. ते कुणी घेतलं नाही. तीन वर्षांनी ठाण्यानं कोर्टात 'अ' समरी दाखल केली. म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी मिळून येत नाही. फाईल बंद झाली आणि पाकीट आम्रपालीच्या कपाटात वरच्या खणात राहिलं.

दर फेब्रुवारीत सत्यभामा ठाण्यात यायची. पहिली एकदोन वर्षं ती साहेबांपुढं उभी राहिली. मग तिला कळलं की साहेब बदलत राहतात आणि मागच्या खोलीतली बाई मात्र तीच असते. ती सरळ मागं येऊ लागली. खोलीत कुणाला घ्यायची परवानगी नव्हती. ती उंबऱ्याबाहेर उभी राहायची, एक वाक्य विचारायची, एक उत्तर ऐकायची आणि शेवटची एसटी गाठायची.

२०१५ साली वरून पत्र आलं, की जुना मुद्देमाल फार साचला आहे, याद्या करून कोर्टाच्या परवानगीनं नाश करा. दोनशे अकरा वस्तूंची यादी झाली. तत्कालीन साहेबांनी ती स्वतः तपासली आणि त्यात एक नंबर आपल्या हातानं घातला. एक्केचाळीस, दोन हजार सात. आम्रपालीनं यादी पक्की करताना तो पाहिला. आप्पा तोवर साखर कारखान्याचा चेअरमन होऊन बसला होता आणि साहेबांच्या मुलीच्या लग्नात पहिल्या रांगेत होता, हे ठाण्यात सगळ्यांना माहीत होतं. नंबर खोडायचा तिला अधिकार नव्हता. मग तिनं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'खुनाचा गुन्हा. आरोपी अज्ञात. उघडकीस येणे बाकी. मुद्देमाल राखून ठेवणे आवश्यक.'

साहेबांनी तिला बोलावलं. दार लावून घ्यायला सांगितलं.

"हा शेरा काढा."

"काढते साहेब. तेवढं लेखी द्या."

साहेबांनी विचारलं की तुमचं त्या बाईशी काय नातं आहे, आणि नोकरी किती राहिली आहे. तिनं सांगितलं, नातं काही नाही, नोकरी बरीच आहे. ती जागची हलली नाही. लेखी देणं साहेबांना परवडणारं नव्हतं. यादी शेऱ्यासकट कोर्टात गेली. दंडाधिकाऱ्यांनी दोनशे अकरा वस्तूंना परवानगी दिली.

त्याची किंमत तिनं मोजली. पुढची दोन वर्षं जिथं जत्रा, सभा, मोर्चा असेल तिथं बंदोबस्ताला ओव्हाळ मॅडम. वार्षिक अहवालात 'साधारण'. बढती एकदा हुकली. खोली मात्र तिच्याकडंच राहिली, कारण दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं.

२०२१ च्या सप्टेंबरात पाऊस लागून राहिला. खोलीचं छत तीन ठिकाणी गळायला लागलं. तिनं ताडपत्री आणली, कपाटांवर बांधली आणि खुनाच्या गुन्ह्यांची पाकिटं पत्र्याच्या पेटीत घालून पेटी ठाणे अंमलदाराच्या टेबलाखाली आणून ठेवली. ठेवताना नोंद केली, कुठून कुठं, कुणासमोर, किती वाजता. पाऊस ओसरल्यावर परत नेताना पुन्हा नोंद. अंमलदार म्हणाला, "मॅडम, दहा पावलांवर नेलंय, त्याला बी लिहायचं?" ती म्हणाली, हो.

पुढच्याच वर्षी जिल्ह्यात नवीन अधिकारी आल्या. त्यांनी न उलगडलेल्या राजकीय खुनांच्या जुन्या फाईली मागवल्या आणि एक पथक नेमलं. पथकातला तरुण उपनिरीक्षक संजय कासारदऱ्याला आला, तेव्हा त्याचा चेहराच उतरलेला होता. आधीच्या दोन ठिकाणी त्याला मुद्देमालच मिळाला नव्हता. एका ठिकाणी वाळवीनं खाल्लेला, दुसऱ्या ठिकाणी नुसता नंबर लिहिलेला कागद. त्यानं दारातूनच विचारलं, "एक्केचाळीस बटा दोन हजार सात. काही शिल्लक आहे का?"

आम्रपालीनं त्याला बसायला सांगितलं, किल्ली काढली आणि तीन मिनिटांत पाकीट टेबलावर ठेवलं. प्रयोगशाळेचं सील जसंच्या तसं. सीलखाली खाकी कागदावर पंचांच्या सह्या, तिची सही, पंधरा वर्षांपूर्वीची, थोडी पोरकट वळणाची. संजयनं पाकिटाला हात लावायच्या आधी टोपी काढून बाजूला ठेवली. का काढली, ते त्यालाही कळलं नसावं. इतक्या वर्षांत तिच्या खोलीत येऊन असं कुणी उभं राहिलं नव्हतं.

पुढचं वेगानं झालं. सत्यभामाचा २००७ चा जबाब फाईलमध्ये होताच. कोर्टाच्या हुकमानं तात्याबाचं रक्त घेतलं. तो आता ठेकेदार झाला होता, गळ्यात सोन्याचा गोफ होता. मफलरवरचं दुसरं रक्त त्याचंच निघालं. रामेश्वरनं मरता मरता त्याचा ओठ फोडला होता. अटकेनंतर महिन्याभरात तात्याबानं दंडाधिकाऱ्यासमोर जबाब दिला आणि कुणी पाठवलं त्याचं नाव सांगितलं.

खटला बीडला चालला. तिथं तात्याबानं आपला जबाब नाकारला, त्यामुळं सगळं अडलं होतं ते पाकिटावर, म्हणजेच आम्रपालीवर. साक्षीच्या दिवशी पारूबाईनं हट्ट धरला, की मी येणार. पांढरं लुगडं नेसून, जावयाचा हात धरून ती कोर्टाच्या मागच्या बाकावर येऊन बसली. पलीकडच्या बाकावर सत्यभामा होती. दोघींची ओळख नव्हती.

आरोपीचे वकील नावाजलेले होते. त्यांनी दोन तास उलटतपासणी घेतली. खोली गळते का? गळते. उंदीर आहेत का? आहेत. मग पंधरा वर्षं हाच तुकडा तसाच राहिला, हे कशावरून? आम्रपालीनं रजिस्टर मागितलं आणि एकेक नोंद वाचून दाखवली. कपाट भिंतीपासून का ओढलं, पाला का टाकला, पावसात पेटी कुठं नेली, दहा पावलांची नोंदसुद्धा. न्यायाधीशांनी ती नोंद स्वतः मागवून पाहिली. मग वकिलांनी आवाज बदलला.

"मयताची पत्नी तुम्हाला दर वर्षी भेटत होती. खरं आहे?"

"खरं आहे."

"दर वर्षी! काय बोलणं व्हायचं तुमचं? काय ठरवायचात?"

"त्या विचारायच्या, हाय का? मी सांगायचे, हाय."

"आणि?"

"आणि त्या जायच्या."

वकिलांनी कागद चाळले आणि आणखी काही विचारायचं नाही म्हणून खाली बसले. मागच्या बाकावर सत्यभामानं पदर तोंडाला लावला. अठरा वर्षांत आम्रपालीनं तिला रडताना पहिल्यांदा पाहिलं.

दोन महिन्यांनी निकाल लागला. तात्याबाला जन्मठेप. आप्पावरचा खटला वेगळा चालू आहे. जामिनाच्या अटीप्रमाणे त्याला दर सोमवारी कासारदऱ्याच्या ठाण्यात येऊन सही करावी लागते. पूर्वी तो आला की सगळं ठाणं उठून उभं राहायचं. आता तो बाकावर नंबर लागेपर्यंत बसतो आणि मागच्या खोलीच्या दाराकडं बघायचं टाळतो. आम्रपाली आपलं काम करत राहते.

निकालपत्रात न्यायाधीशांनी तिच्याबद्दल एक वाक्य लिहिलं होतं: 'सदर साक्षीदाराने आपले कर्तव्य चोख बजावले नसते, तर या न्यायालयासमोर निर्णय करण्याजोगे काहीच उरले नसते.' संजयनं त्याची प्रत आणून दिली. तिनं ते वाक्य उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, आणि कागद घडी करून युनिफॉर्मच्या खिशात ठेवला. दिवसभर तिचा हात अधूनमधून खिशाकडं जात होता.

जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांनी तिला बीडला बोलावून सगळ्यांसमोर प्रशस्तिपत्र दिलं आणि विचारलं की काय पाहिजे, बदली, सोयीचं ठाणं, काहीही सांगा. तिनं रात्रभर विचार करून ठेवलेलं होतं. म्हणाली, "मॅडम, खोलीला स्लॅब पाहिजे. अपील झालंय. पाकीट अजून किती वर्षं ठेवायला लागेल, सांगता येत नाही."

मे महिन्यात नवा स्लॅब टाकून झाला. पाणी मारायच्या दिवसांत पारूबाई लेकीकडं राहायला आली होती. ती ठाण्याच्या आवारात येऊन, कमरेवर हात ठेवून, वर बघत उभी राहिली. ठाण्यातला नवा शिपाई चौकशी करायला पुढं आला. आजी, कुणाकडं काम आहे, असं त्यानं विचारलं. पारूबाईनं त्याला खोलीचं दार दाखवलं आणि सांगितलं की काम काही नाही, लेकीची खोली बघायला आले. शिपायानं बुटांच्या टाचा जुळवल्या आणि आतून खुर्ची आणून तिला सावलीत बसवलं.