दोघींचं माहेर

बर्मिंगहॅममधले आमचे शेजारी काका एरवी सफाईनं इंग्रजी बोलतात, पण चिडले की मराठीवर येतात.

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला ते मला घेऊन गेले, छातीशी टाइपरायटर धरून. गेटवरच्या माणसानं अडवलं, "फक्त व्हेइकल्स, सर."

काकांनी मैदानातल्या जर्मन मोटारीकडे बोट दाखवलं. तिच्यावर आणि टाइपरायटरवर एकाच कंपनीचा गरुड होता.

"यांनी आधी सायकली केल्या, मग टाइपरायटर, मग मोटारी. आता कंपनीच उरली नाही. पण माहेर तुटलं म्हणून बहिणी परक्या होतात का? सांग त्याला!"

माहेरला इंग्रजी शब्द मला सुचेना. "दे आर सिस्टर्स," मी म्हणालो.

तो हसून बाजूला झाला. काकांनी मोटारीशेजारी बसून टाइप केलं. ओळ संपताना घंटी वाजली, तशी मोटारीच्या मालकिणीनं हॉर्न दिला.

"बघ," काका ताठ होत म्हणाले, "ओळखलं तिनं."