एक नंबरची डिस्क

खंडेनवमीनंतरच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी माझ्या साडूंनी येलहंक्यातल्या आपल्या घरी चालू सर्व्हरमधून दुसरी डिस्क ओढून काढली, आणि ती हातातून निसटून लाल फरशीवर पडली. सर्व्हर बंद पडला. त्यात घरातले वीस वर्षांचे फोटो होते, कागदपत्रं होती आणि अक्काचा आवाज होता. अक्का म्हणजे साडूंची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. तिला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. तो आवाज जगात दुसरीकडे कुठेही नव्हता.

बंगळूर शहरात माझ्या साडूंइतका हुशार आणि त्यांच्याइतका न ऐकणारा माणूस दुसरा नाही. तीस वर्षं मी वर्तमानपत्रात काढली. असली सरसकट विधानं मी लिहीत नाही, दुसऱ्यांनी लिहिलेली खोडत आलो. हे विधान मात्र तपासून केलेलं आहे. साडू इथल्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांचे पूर्वज कुणाच्या तरी फौजेबरोबर आले आणि फौज परत गेली तरी राहिले. मी पुण्याहून आलो त्याला सव्वीस वर्षं झाली, पण त्यांच्या लेखी मी अजून सामान न सोडलेला पाहुणा आहे. नावाने ते मला कधी हाक मारत नाहीत. "काय पेपरवाले, आज काय खोटं छापलं?" हा त्यांचा नमस्कार. बोम्मसंद्र्यातल्या एका कारखान्यात ते टूलरूमचे फोरमन होते आणि यंत्राच्या अंगाला तळहात लावून त्याचं दुखणं सांगत. निवृत्तीनंतर हात लावायला यंत्रं उरली नाहीत, म्हणून घरची सुरू झाली. आमच्या फ्रिजला ताप आहे हे त्यांनी मला भर जेवणात सांगितलं होतं. चार दिवसांनी फ्रिज गेला. मला राग फ्रिज गेल्याचा आला नाही, त्यांचं खरं ठरल्याचा आला.

सर्व्हरला ते डब्बा म्हणत. त्यात चार डिस्क. कुठल्याही तीन शाबूत असल्या की सगळं परत मिळतं, दोन गेल्या की काहीच मिळत नाही. हे त्यांनीच मला समजावलं होतं, आणि मी त्यांना गेली चार वर्षं एकच वाक्य सांगत होतो: दुसरी प्रत वेगळ्या घरात ठेवा. आमच्या धंद्यात मजकुराची एकच प्रत असणं म्हणजे मजकूर नसणं. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. "देव एकच असतो, पेपरवाले. त्याला चार हात असतात. चार देव लागत नाहीत." नवा फोन घेतला तेव्हा माइक तपासायचा म्हणून त्यांनी स्वयंपाकघरात उभं राहून अक्काची बडबड टिपायला सुरुवात केली आणि मग ती सवयच लागली. अक्का वैतागायची. पुढे तो फोन बदलला तेव्हा त्यांनी सगळं डब्ब्यात ओतलं आणि फोन स्वच्छ पुसून कुणाला तरी देऊन टाकला. मी विचारलं, दुसरी प्रत? त्यांनी चार बोटं वर केली.

त्यांच्या घरात प्रत्येक वस्तूवर चिठ्ठी असे. शाईचं पेन, ठसठशीत अक्षर, वर पारदर्शक टेप. पंख्याच्या बटणावर 'हळू', त्याच्या शेजारच्या बटणावर 'हे नको'. ते का नको हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि सव्वीस वर्षांत ते कुणी दाबलंही नाही. वेळेचं त्यांचं एकच माप होतं: स्वल्प. कन्नडात स्वल्प म्हणजे थोडंसं, पण त्यांचं स्वल्प पाच मिनिटांपासून अर्ध्या दिवसापर्यंत कुठेही जाऊ शके. त्यांच्या 'स्वल्प थांबा'मुळे माझी स्टेशनवरची एक गाडी सुटलेली आहे आणि एका लग्नाला मी अक्षतांनंतर पोचलेलो आहे. उलट जिथे खरोखर थांबायचं असे, तिथे त्यांना 'स्वल्पच तर राहिलंय' वाटे.

खंडेनवमीला या शहरात रिक्षापासून लेथपर्यंत सगळ्याची पूजा होते. साडू डब्बा बंद करून चारही डिस्क बाहेर काढत, पाटावर मांडत, गंध-कुंकू लावत आणि परत आपापल्या जागी बसवत. या वर्षी पाटावर त्यांनी चार नव्या डिस्कही मांडल्या, दुप्पट मोठ्या. जुनी एक काढायची, नवी घालायची, डब्बा तिच्यात सगळं भरून घेईल, पूर्ण भरली की पुढची; असं चार वेळा. शुक्रवारी त्यांनी पहिली बदलली. शनिवारी सकाळी पडद्यावर सत्त्याण्णव टक्के दिसत होतं. "स्वल्पच राहिलं होतं," त्यांनी मला नंतर सांगितलं. त्यांनी दुसरीला हात घातला.

दुपारी दोनला मी पोचलो. वरच्या मजल्यावर नागपूरची एक मुलगी भाड्याने राहते. अशाच यंत्रांचं काम ती नोकरीत करते. ती टेबलाशी बसली होती. पडलेली डिस्क तिने कानाशी धरली आणि खाली ठेवली.

"ही गेली जी. पण काहून काढली काकाजी, भरायच्या आधी?"

साडू वाकून फरशीवरचा ओरखडा अंगठ्याने घासू लागले.

"बरं, असू द्या. तीन आणि चार चांगल्या आहेत. शुक्रवारी काढली ती जुनी पहिली द्या. कालपासून डब्ब्यात नवीन काही टाकलं नाही ना? मग तीन जुन्या मिळून होते काम."

टेबलावर डिस्कचा ढीग होता, कारण साडू काहीही फेकत नाहीत. मागच्या दहा वर्षांत मेलेल्या डिस्कही त्यांनी जपल्या होत्या. मुलगी अवजारं आणायला वर गेली. साडू आत जाऊन पलंगावर बसले. मी माझ्या सवयीने यादी केली. चिठ्ठी २: पडलेली. चिठ्ठी ३ आणि ४: ठीक. बिनचिठ्ठीच्या नव्या: चार. फुली मारलेल्या, मेलेल्या: पाच. आणि एक कुंकवाने माखलेली, तिच्या चिठ्ठीवर फक्त 'लाभ'. दुकानदार वहीवर शुभ-लाभ लिहितो, तशी ही पूजेपुरती ठेवलेली असणार, असं मी धरलं. विचारलं नाही. माझ्या डोक्यात राग इतका होता की आधी हा पसारा घराबाहेर घालवायचा असं मी ठरवलं. पाच मेलेल्या आणि ती सहावी पिशवीत भरून मी माझ्या गाडीच्या डिकीत टाकल्या. के. आर. पुरमला आमच्या सोसायटीत रविवारी जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तू गोळा करतात.

यादीत १ नव्हता.

"एक नंबर कुठंय?" मी आत जाऊन विचारलं.

"एक कुठनं येणार? आमच्यात एक..."

"स्पष्टीकरण नको. डिस्क हवी."

"टेबलावरच ठेवलो होतो की."

"टेबलावर नाही."

ते उठून आले. टेबलाकडे बघत उभे राहिले, खाली वाकून टेबलाखाली पाहिलं, मग पूजेच्या पाटाखाली. परत येऊन काहीतरी सांगू लागले तेव्हा मी हात वर करून थांबवलं आणि चार वर्षांचं सगळं बोलून घेतलं. दुसरी प्रत, चार हात, स्वल्प, चिठ्ठ्या. ज्या माणसाला पंख्याच्या बटणावर चिठ्ठी लावता येते त्याला बायकोचा आवाज नीट ठेवता येत नाही, हेही बोललो. आवाज चढवला नाही. आमच्याकडे चढवत नाहीत. शेवटी ते म्हणाले, "सरी." सरी म्हणजे ठीक, बरोबर. इतक्या वर्षांत माझ्या बोलण्यावर हा शब्द त्यांनी पहिल्यांदा वापरला, आणि मला तोही पुरेसा वाटला नाही.

रविवारी सोसायटीतलं संकलन दहाला सुरू होणार होतं. मी नऊलाच येलहंक्याला निघालो, कारण माझं भांडण संपलं नव्हतं. पिशवी डिकीत तशीच. रस्ताभर खड्ड्यांत ती आपटत होती आणि तो खडखड आवाज ऐकून मला बरं वाटत होतं.

साडू स्वयंपाकघरात होते. रात्रभर कपाटं उपसलेली दिसत होती. "बसा पेपरवाले, भात टाकतो," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. वरच्या मुलीलाही जेवायला बोलावलं होतं. ती दाराशी उभी होती. त्यांनी तांदळाच्या डब्यात माप बुडवलं, काठावर बोट फिरवून पातेल्यात ओतलं.

"लाभ," ते म्हणाले. मग दुसरं माप. "दोन."

मी विचारलं, "पहिल्याला काय म्हणालात?"

"लाभ. धान्य मोजताना एक म्हणत नाहीत आमच्यात. तुमची अक्का म्हणायची, एक म्हटलं की संपायला लागतं." तिसरं माप भरता भरता ते थांबले. "पुण्यात काय म्हणता?"

पुण्यात आमच्याकडे तांदूळ पिशवीतून यायचा आणि वाटीने शिजायचा. कुणी मोजताना मी ऐकलेलं नव्हतं. "डिस्कवर पण तेच लिहिलंत?"

"मग काय लिहिणार? काल तेच सांगत होतो तुम्हाला."

"अरे बाप्पा," ती मुलगी म्हणाली. "मी पण 'एक'च शोधून राहिली होती."

मी गाडीकडे गेलो. पिशवी घेऊन आत आलो, सहाही डिस्क टेबलावर काढल्या आणि 'लाभ' लिहिलेली त्यांच्या हातात दिली. कुठे होती ते सांगितलं. के. आर. पुरमपर्यंत जाऊन आली, हेही सांगितलं. त्यांनी तिच्यावर तळहात ठेवला, फ्रिजवर ठेवतात तसा, आणि बराच वेळ काढला नाही. माझ्यावर ओरडायची ती जागा होती. ते म्हणाले, "गार आहे. चालेल."

इथे एक दुरुस्ती छापणं आवश्यक आहे. न ऐकणारा माणूस बंगळुरात दुसरा नाही, असं वर म्हटलं आहे. दुसरा आहे. तो के. आर. पुरमला राहतो.

मुलीने लाभ, ३ आणि ४ जोडल्या. अडीच तास लागले. भात आम्ही त्याच टेबलाच्या कडेला बसून खाल्ला. साडूंनी मला दोनदा वाढलं. एक वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर फोल्डरची यादी आली. फोटोंपैकी काही उघडले नाहीत. आवाजाच्या फाइल्स सगळ्या होत्या. मुलीने त्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली. ती मी माझ्या घरी ठेवणार होतो, म्हणून चिठ्ठी साडूंनी माझ्याकडूनच लिहून घेतली. मग त्यांनी यादीतल्या एका फाइलवर बोट ठेवलं.

आधी पत्र्याच्या डब्याचं झाकण वाजलं. मग अक्का. "लाभ. दोन. तीन. अहो, तो फोन बाजूला करा स्वल्प, मोजणं चुकतंय माझं." तांदूळ परत डब्यात ओतल्याचा आवाज आला. "लाभ," ती म्हणाली.

साडूंनी फाइल तिथे, पहिल्या अर्ध्या मिनिटातच थांबवली. ती चार मिनिटं अकरा सेकंदांची आहे.