भोगीच्या निखाऱ्यांवर पाणी

अन्याय माझ्या आईवर झाला. या वर्षीच्या भोगीला, सकाळी, तिची तिसरी भाकरी निखाऱ्यांवर फुगत असताना. आणि आमच्या शेजारच्या मावशीवर, कारण शेगडी तिची होती. त्या पेटत्या शेगडीत बादलीभर पाणी ओतलं गेलं. ओतणारा पगारी माणूस, त्याला मी सोडून देते. ओतायला सांगणारे वर बाल्कनीत उभे होते.

आधी आमच्या घराबद्दल. करी रोडची आमची चाळ पाडली आणि त्या जागी दोन इमारती उभ्या राहिल्या. पुढे विकायचा टॉवर, मागे आमची, जुन्या चाळकऱ्यांची. टॉवरमध्ये पाइपचा गॅस आहे, आमच्यात नाही. पाइप टॉवरच्या बागेपर्यंत येऊन थांबलाय. पुढे आणायचा तर बागेतली फरशी उखडावी लागते, त्याला टॉवरच्या सोसायटीची परवानगी लागते, आणि ती मिळत नाही. फरशी नवी आहे म्हणे. सिलेंडर ठेवायलाही मनाई, उंच इमारतीत धोका असतो. मग बिल्डरने घरटी एक इंडक्शन दिलं, वर लाल रिबीन बांधून.

आई त्या रिबिनीवर खूश होती, खोटं कशाला सांगू. पहिल्या दिवशी चहा झटकन झाला. मग दिवाळी आली, चकल्यांची कढई ठेवली तर मशीन बोंबलायला लागलं. त्याला अॅल्युमिनियम चालत नाही. आईच्या लग्नातली कढई पलंगाखाली गेली, नवी आणली, फराळ निभावला. खरी पंचाईत झाली ती थंडी पडल्यावर.

मुंबईत कसली थंडी, असं म्हणणाऱ्यांनी चाळीत आमच्याकडे जेवायला यायला हवं होतं. वांगं भाजलं जायचं ते साल काळी पडून तडकेपर्यंत. सुका बांगडा थेट जाळावर, आणि त्या वासाने अख्खी गॅलरी भात टाकायची. रात्री कुळथाची वाफाळती पिठी आणि भाकरी. हे सगळं जाळाचं जेवण आहे. काचेच्या काळ्या चौकोनावर वांगं ठेवून बघा, काय होतं ते.

भाकरीचं आईने मनाला लावून घेतलं. भाकरी फुगेना. फडक्याने दाबली तर एका बाजूला फुगायची, दुसरीकडे फाटायची. आईने गिरणी बदलली. तांदूळ बदलले. पाणी आणखी कडकडीत घेतलं. मग एका संध्याकाळी पिठाचे हात तसेच परातीत ठेवून मावशीला म्हणाली, "माजो हात गेलो गो."

मावशी चाळीत आमच्या भिंतीला भिंत लावून राहिलेली, तोंडाने फटकळ. "हात खंय जातलो? जाळ नाय तुज्याकडे. बिनजाळाची भाकरी भाजतंस आणि हाताक नावां ठेवतंस!"

आई हसली नाही. जिच्या भाकरीला कधी कोणी नावं ठेवली नव्हती, ती बाई पूर्ण थंडीभर स्वतःलाच नावं ठेवत होती. मला याचा राग त्या बादलीपेक्षा जास्त येतो.

भोगीला मात्र ती अडून बसली. आम्ही कोकणातले, एरवी तांदळाची भाकरी. पण भोगीची तीळ लावलेली बाजरीची आई चाळीतल्या घाटावरच्या शेजारणींकडून शिकली. ती लोण्याच्या गोळ्यासकट एकमेकींच्या दारी गेलीच पाहिजे, असा आमच्या मजल्याचा रिवाज. "चपटी भाकरी मी कोणाच्या दारात नेवचंय नाय," आई म्हणाली.

मावशीने शेगडी काढली, बाळंतिणीच्या शेकासाठी जपून ठेवलेली. कोळसे इस्त्रीवाल्याने दिले. दोघी खाली उतरल्या, पंपरूमच्या मागे, भिंतीच्या आडोशाला. मी परात घेऊन मागे. पहिली भाकरी तव्यावरून निखाऱ्यांवर गेली आणि टम्म फुगली. आईने ती उचलली, बोटं पोळत होती तरी खाली ठेवेना. "बघ गो," एवढंच म्हणाली. दुसरीही फुगली. आमच्या इमारतीतल्या बायका पिठाचे डबे घेऊन उतरायला लागल्या.

तेवढ्यात टॉवरचा मॅनेजर आला. "मावशी, हे काय लावलंय? धूर वर जातोय. कम्प्लेंट आलीय."

"धूर वर नाय तर काय खाली जातलो?" मावशी म्हणाली. "घे, एक भाकरी खा नि गप बस. तुज्या आवशीन केली नाय आज?"

तो ओशाळला. खरंच ओशाळला, मी पाहिलं. मग त्याने वर टॉवरच्या बाल्कनीकडे बघितलं. तिथून कोणीतरी हाताने खूण केली. त्याने नळाखालची बादली उचलली.

राख उडाली ती लोण्यावर, पिठावर, आईच्या तोंडावर. सणाच्या दिवशी पेटत्या आगीवर पाणी ओतायला आमच्यात वैऱ्याचाही हात धजत नाही. मावशीने शिव्यांची लाखोली वाहिली. आईने भिजलेली भाकरी पदराखाली घेतली आणि लिफ्टला न थांबता जिने चढून गेली. त्या दिवशी आमच्या मजल्यावर कोणी कोणाच्या दारी काही नेलं नाही.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. टॉवरच्या सोसायटीकडून घरटी तिळगुळाची पुडी आली, सोनेरी कागदातली, वर 'गोड बोला' छापलेलं. मावशीने ती वॉचमनच्या हातात परत दिली. आईने ठेवून घेतली, उघडली नाही. उरलेलं बाजरीचं पीठ माझ्यापुढे सरकवलं. "कोणाक तरी दी. मी आता भाकरी करूचंय नाय."

तेव्हापासून तिने केलेली नाही. आमच्याकडे पाव येतो.

आता तुम्ही. तुम्ही त्या टॉवरमध्ये राहत असाल, किंवा जिथे मागच्या बाजूला चाळकऱ्यांची इमारत दडवली आहे अशा कुठल्याही टॉवरमध्ये, तर मला तुमची हळहळ नको. इंडक्शनवर भाकरी कशी करायची याचे व्हिडिओही पाठवू नका. सोसायटीच्या पुढच्या सभेला जा, एरवी जात नसलात तरी जा. उभे राहा आणि विचारा, मागच्या इमारतीत गॅस का नाही. अडवणारे आपणच आहोत असं कळलं, तर परवानगीच्या कागदावर त्याच सभेत सही करा. फरशी पुन्हा बसवता येते. थंडी पडायच्या आत तो पाइप माझ्या आईच्या ओट्यापर्यंत येऊ द्या.