सरितानं मागितलेली मुदत

सरिता पगारेच्या जिभेवर होकार कायम तयार असायचा. गुलमंडीतल्या एका बोळात तिचं साड्यांना फॉल-पिको करून द्यायचं दुकान. गिऱ्हाइकानं 'संध्याकाळपर्यंत होईल का' म्हटलं, की साडी हातात घेण्याआधीच ती 'होईल की' म्हणून बसायची. पहिलं लग्नही असंच ठरलेलं, पाहुण्यांचा चहा संपायच्या आत. संसार बरा झाला, पण नवरा काविळीनं गेला आणि पदरात रूपा राहिली. ती आता सातवीत होती.

एका रविवारी चर्चमधली उपासना सुटल्यावर सोयगावचा थोरला भाऊ सर्जेराव घरी आला. पाचोडच्या अभय साळवेचं स्थळ घेऊनच. अभय विधुर, मूलबाळ नाही, गावात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. चर्चच्या मंडळीच्या एका मेळाव्यात सरितानं त्याला पाहिलं होतं आणि खरं सांगायचं तर तो तिला आवडलाही होता.

"व्हय म्हण, आत्ताच फोन लावतो," सर्जेराव म्हणाला. "ईस्टर झाला की लगीन उरकून टाकू."

'हो' ओठावर आलंच होतं. तेवढ्यात पाणी घेऊन आलेल्या रूपाकडं तिचं लक्ष गेलं. पोरीनं तांब्या ठेवला आणि मान खाली घालून आत निघून गेली.

"दादा, थोडे दिवस दे. प्रार्थना करते, मग सांगते."

"प्रार्थना मीबी केली. देवानंच धाडलंय हे."

"तुला सांगितलं असंल. मला त्यानं अजून सांगायचंय."

सर्जेराव अर्धा चहा तसाच टाकून उठला.

सरिता शेजारच्या चतुराबाईंकडं गेली. मंडळीतली जुनी, जाणती बाई. दोघी गुडघे टेकून बसल्या. सरिता भराभरा बोलत राहिली: माणूस चांगला आहे, पोरीला बाप मिळेल, मलाही आधार होईल. आमेन म्हणून उठायला लागली तसा चतुराबाईंनी तिचा हात धरला.

"विचारतीस तूच आन् उत्तरबी तूच देतीस. प्रभूला बोलायला जागा ठेव की जरा."

त्या दिवसापासून सरिता प्रार्थनेत गप्प बसायला लागली. तिला ते लई अवघड गेलं. पण गप्प बसलं की रूपाची ती खाली घातलेली मान डोळ्यांपुढं यायची. शेवटी भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "तुला कसं वाटतंय गं हे सगळं?"

"मला कशाला विचारतीस? मी तर मामाकडं राहणार हाय. मामानंच त्या साळवेंना फोनवर सांगताना ऐकलं मी, पोरीचा भार तुमच्यावर पडणार नाय म्हणून."

तव्यावर भाकरी करपत होती. सरितानं फोन उचलला. भावाला चार शब्द सुनवायचे आणि स्थळ मोडून टाकायचं. नंबर काढला, मग फोन पालथा ठेवला. घाईचा होकार चुकला असता, तसा घाईचा नकारही चुकेल, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मन निवल्यावर तिनं थेट अभयलाच बोलावलं. दुकानात, साड्यांच्या गठ्ठ्याशेजारी बसून त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मला वाटलं, तुमचीच तशी इच्छा आहे," तो म्हणाला. "म्हणून विचारलं नाही. मुलीला आईपासून तोडून मी कसला संसार थाटणार?"

"मग तिला येऊ द्या, घर बघू द्या. तिचं मन बसलं तरच पुढं."

"बघू द्या. मला घाई नाही."

हे कळल्यावर सर्जेराव आधी चिडला, मग ओशाळला. बहिणीला मोकळं करावं, एवढंच त्याच्या मनात होतं. सरितानंही ते ओळखलं होतं.

ईस्टर होऊन गेला. रूपा पाचोडला दोनदा जाऊन आली, दुसऱ्यांदा आपण होऊन. नवी शाळा तिनं बाहेरूनच पाहिली, पण येताना अभयच्या दुकानातून तांब्याच्या तारेचं कडं वळून घेऊन आली. उन्हाळ्यात पाळकसाहेबांनी चर्चमध्ये सरिता आणि अभयच्या लग्नाची पुकार वाचली आणि कुणाची हरकत आहे का, म्हणून विचारलं. सरितानं हळूच शेजारी पाहिलं. रूपा पुढच्या गीताचं पान शोधण्यात गुंतली होती.