पत्ती काढलेली सनई

"दोघांनीही पत्त्या काढा आणि या डबीत टाका."

लग्नाची सगळी व्यवस्था बघणाऱ्या बाई हसून म्हणाल्या. त्यांच्या हातात बडीशेपेची स्टीलची डबी होती. तळाशी अजून दोन-चार दाणे होते.

सनईच्या तोंडाशी ताडाच्या पानाची बोटाच्या पेराएवढी पत्ती असते. वाजते ती पत्ती. बाकी नुसती नळी. पत्ती काढल्यावर छाती फुटेपर्यंत फुंकलं तरी आवाज निघत नाही. हे बाईंना कोणीतरी सांगितलं होतं. आम्ही चुकून फुंकलंच तर काही ऐकू जाऊ नये, म्हणून ही डबी.

तात्यांनी लगेच काढली. तात्या माझे धाकटे चुलते. साठी उलटलेली, छातीत कायमची घरघर. त्यांनी पत्ती सदऱ्याला पुसली, डबीत टाकली आणि माझ्याकडे बघितलं.

माझ्या सनईची पत्ती निघेना. घट्ट नव्हती. मीच ती धरून पुन्हा सोडत होतो.

"घाबरू नका दादा, तुम्हाला काहीच करायचं नाहीये," बाई म्हणाल्या. "फक्त उभं राहायचं, गाल फुगवायचे आणि बोटं हलवायची."

मी पत्ती काढली. डबी बंद झाली आणि त्यांच्या पर्समध्ये गेली.

रत्नागिरीच्या बाहेर, भाट्याच्या समुद्राकडे तोंड केलेलं ते लॉन होतं. सकाळचे नऊ वाजले होते. लग्न आमच्या गावच्या खोतांच्या मुलीचं. खोती कायद्याने गेली त्याला पिढ्या झाल्या, पण गाव अजून त्यांना खोतच म्हणतं. तोंडावर दादासाहेब. आंब्याच्या बागा त्यांच्या, आणि देवळाच्या ट्रस्टचे अध्यक्षही तेच. आम्ही घडशी, पिढीजात वाजंत्री. त्यांच्या घरचं बारसं असो, लग्न असो, सनई आमच्या घरची. शिमग्यात देवीची पालखी बाहेर पडते तेव्हा पालखीपुढे सनई आमच्या घरची. आमच्याकडे जमीन नाही. गावात आमची जागा विचाराल तर एवढीच, पालखीच्या पुढची दहा पावलं.

ती जागा माझ्या बाबांची होती. बाबा भाद्रपदात गेले.

मी बाबांचा सूर धरायचो. सनईवाल्याच्या शेजारी दुसरा माणूस एकच स्वर धरून उभा असतो, त्याला सूर धरणं म्हणतात. गालात हवा साठवायची, नाकाने श्वास घ्यायचा, आणि स्वर तुटू द्यायचा नाही. मुख्य सनईवाला थांबतो, श्वास घेतो, पत्ती ओली करतो. सूर थांबत नाही. त्या स्वराच्या आडोशाने तो श्वास घेतो आणि ऐकणाऱ्याला कळतही नाही. वयाच्या आठव्या वर्षापासून मी हे केलं. पुढे शिकलो, देवरूखला एका शाळेच्या ग्रंथालयात लागलो. मला पुस्तकांत बरं वाटतं, तिथे कोणी मोठ्याने बोलत नाही. पण सणाला, लग्नसराईला मी रजा काढून बाबांच्या डाव्या बाजूला उभा असायचो.

दोन वर्षांपूर्वी दादासाहेबांनी आम्हाला बंगल्यावर बोलावलं होतं. मुंबईहून माणूस आणला होता, माईक घेऊन. "वारसा जपायला हवा," दादासाहेब म्हणाले. बाबा हरखले. नवं धोतर नेसले. तेव्हाच त्यांना धाप लागत होती. दुसरी धून वाजवताना मध्येच त्यांचा श्वास तुटला. पूर्ण तुटला. मी सूर वाढवला, दोन-तीन क्षण, तोवर बाबांनी पुन्हा धरलं. माणूस म्हणाला, छान झालं. बाहेर आल्यावर बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. 

तेच ध्वनिमुद्रण आता लॉनवर वाजणार होतं.

लग्नाच्या आठ दिवस आधी दादासाहेबांनी फोनवर सांगितलं, "तुझ्या बाबांचीच सनई लावतोय. त्यांचा मान म्हणून. तू आणि तात्या नुसते उभे राहा. तुलाही बरं वाटेल."

मला बरं वाटलं नाही. भीती वाटली. कशाची ते सांगता येत नव्हतं. बाबांचा आवाज मी ते गेल्यापासून ऐकला नव्हता. फोनमध्ये त्यांचं एक बोलणं होतं, तेही मी उघडलं नव्हतं. पण मी "हो" म्हणालो. आमच्या घरात दादासाहेबांना "नाही" म्हणायची रीत नाही. दुसरी रीत अशी की सुतक फिटलं की वाजवायला उभं राहायचं. लोकांच्या मंगल कार्याला आमचं दुःख आड येत नाही.

लॉनवर मी बाईंना एकदा विचारलं, "आम्ही खरंच वाजवलं तर?"

त्यांनी शांतपणे समजावलं. बाई वाईट नव्हत्या. समुद्राचा वारा आहे, माईकमध्ये भरतो. व्हिडिओला सगळं मोजून बसवलंय, नवरी किती सेकंदांत चालत येणार तेसुद्धा. तुमचा एक सूर चुकला तर पुन्हा घेता येत नाही. "आणि मोठमोठे गायकसुद्धा असंच करतात दादा. तोंड हलवतात. त्यात कमीपणा नाही."

ढोलवाल्याला बोलावलंच नव्हतं. जे वाजायचं ते स्पीकरच्या पेटीतून.

तात्या मला बाजूला घेऊन म्हणाले, "गप ऱ्हा रं बाला. माझ्या छातीत आता काय ऱ्हायलंय? धा मिंटं वाजवलं तर चार दिवस खोकतो. पेटी वाजते तर वाजूंदे. तुज्या बापाचाच आवाज हाय ना? कुनी परका हाय काय?"

मी त्यांच्यामागून कमानीकडे गेलो. 

आम्हाला फेटे बांधले. कमानीच्या दोन बाजूंना उभं केलं. बाबांच्या जागी मी, सुराच्या जागी तात्या. पुढे चार-पाचशे माणसं खुर्च्यांवर. माझ्या पायाशी काळी पेटी, माझ्या कमरेएवढी उंच.

आणि त्या पेटीतून बाबांनी श्वास घेतला.

सनई सुरू होण्याआधीचा श्वास. तो कोणी काढून टाकला नव्हता. बाबा नाकाने श्वास घ्यायचे तेव्हा बारीक शीळ वाजायची. लहानपणी मी त्या शिळेवरून ओळखायचो, आता सुरू होणार.  मी डावीकडे बघितलं. तिथे मीच असायला हवा होतो. तिथे तात्या गाल फुगवून उभे होते.

धून सुरू झाली. मी बोटं हलवली.

थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, काहीतरी नाही. सूर नव्हता. माझा सूर. मुंबईच्या माणसाने तो काढून टाकला होता. नंतर कळलं, मागची भुणभुण नको म्हणून पुसली. बाबा एकटे वाजवत होते. चाळीस वर्षांत त्यांनी कधी एकट्याने वाजवलं नव्हतं.

मग मला आठवलं की दुसरी धून यायची आहे. तिच्यात ती जागा आहे, जिथे त्यांचा श्वास तुटतो. आता तिथे झाकायला काही नाही.

त्या वेळी मी इतका घाबरलो की मला समोरचं दिसेना. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात मी त्यांच्या उशाशी बसून त्यांचे श्वास मोजले होते. एक आला की पुढचा येईल का. तेच पुन्हा मांडलं होतं, फेटा बांधून, पाचशे माणसांसमोर. आणि मी बोटं हलवून दाखवायचं होतं की हे मी वाजवतोय. की हा माझा श्वास आहे.

नवरी कमानीत आली. लोक उभे राहिले. दुसरी धून सुरू झाली. मी जागा मोजत होतो. आता. आता.

बाबांचा श्वास तुटला.

मी फुंकलं. सगळ्या ताकदीने. ठरवून नाही. इतक्या वर्षांची सवय, बाबा अडले की सूर वाढवायचा. पत्ती नसलेल्या नळीतून नुसती फस्स हवा बाहेर आली. पेटी दोन क्षण गप्प होती, त्यामुळे ती फस्स पुढच्या रांगेपर्यंत गेली.

मोबाइलवर शूटिंग करणारा एक जण हसला. "अरे, ह्याची हवा गेली!"

त्याच्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "शू, वाजवतायत ना ते."

"कुठे वाजवतायत? खोटं आहे सगळं. बघ तोंडाकडे."

बाबांनी पुन्हा धून धरली होती. पेटी पुन्हा मोठ्याने वाजत होती. मी बोटं हलवू शकलो नाही. सनई ओठांपासून काढली आणि खाली घेतली. दोन्ही हातांत आडवी धरली. शौर्य म्हणून नाही. हात वर राहिनात.

सनई चालूच राहिली. माझी खाली, आणि आवाज वर. तो माणूस ओरडला, "थांबला तरी वाजतंय!" आता बरेच जण हसले. नवरीनेही वळून बघितलं. तात्या घाबरून माझ्याकडे बघत होते, गाल फुगवलेलेच. डोळ्यांनी सांगत होते, वर घे. वर घे मेल्या.

मी घेतली नाही. धून संपेपर्यंत तसाच उभा राहिलो. ती साडेतीन-चार मिनिटं असतील. 

दादासाहेब मला केटररच्या मांडवामागे भेटले. त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांचा न चढलेला आवाजच आमच्या घराला माहीत आहे.

"बरं वाटत नाही का रे?"

"बरं आहे."

"मग?"

"ती बाबांची सनई आहे."

"मग आम्ही काय दुसऱ्या कोणाची लावली? अरे, गेलेल्या माणसाचा मान केला. कोण करतं एवढं तुमच्या लोकांसाठी?" त्यांनी उपरणं सारखं केलं. "पंगतीच्या वेळी पुन्हा लावायची आहे. नीट उभा राहा. झालं ते मी विसरतो."

"पत्ती द्या. मी खरं वाजवतो."

"तुला तुझ्या बापाची सर आहे का?"

"नाही."

खरंच नाही. मी सूर धरणारा. धून मला अर्धवट येते.

"मग ज्याला येत होतं त्याची वाजू दे. तू उभा राहा."

"मी उभा राहणार नाही, दादासाहेब."

 त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं, एखादं कलम जगेल की नाही बघतात तसं.

"ठीक आहे. शिमग्याला पालखीपुढे टेम्पोवर पेटी लावू. तुझ्या बापाचीच सनई वाजेल. तू नसलास म्हणून पालखी अडणार नाही."

पंगतीला तात्या एकटे उभे राहिले. मी रस्त्यावर थांबलो होतो, तिथपर्यंत ऐकू येत होतं. बाबा वाजवत होते. वाढपी ओरडत होते, जिलबी, जिलबी.

एसटीत तात्या देवरूख फाट्यापर्यंत खोकत होते. मग म्हणाले, "तू शाळेत नोकरीला. तुला काय फरक पडतो? आमी गावात ऱ्हातो." ते खोटं नव्हतं. म्हणून जास्त लागलं.

दोन दिवसांनी तात्याच दादासाहेबांचा निरोप घेऊन आले. ट्रस्टची रविवारी बैठक आहे. मी माफीचं पत्र लिहून द्यावं. चूक झाली, पुन्हा होणार नाही. मग पालखीपुढची जागा आमची राहील. "तुला लिवता येतंय," तात्या म्हणाले. "आमाला लिवता येत नसं तेवा पाया पडायला लागायचं. तुजं कागदावर भागतंय."

मी तीन रात्री झोपलो नाही. पत्र लिहायला बसलो की वाटायचं, एक ओळ तर आहे. बाबांनी लिहिली असती. आजोबांनी अंगठा दिला असता. मी आज लिहिली तर उद्या कोणाच्याही लग्नात, कोणाच्याही पुढाऱ्याच्या सत्काराला बाबा वाजतील आणि त्यांच्यापुढे मला उभं करतील. माझ्यानंतर ती पेटीच पुरेल, आमच्या कोणालाही बोलावणार नाहीत. एका तुटक्या श्वासावर आमचं सगळं घर पुसता येईल, जसा माझा सूर पुसला.

रविवारी सकाळी मी देवळाच्या सभामंडपात गेलो. नऊ जण बसले होते. मला कोणी बस म्हटलं नाही. मी उभ्याने वाचलं.

"मी लग्नात सनई खाली घेतली, ती चूक नव्हती. माझ्या वडिलांचं ध्वनिमुद्रण ट्रस्टने जपावं, लोकांनी ऐकावं, त्यांचं नाव सांगून. पण त्याच्यापुढे कोणी जिवंत माणूस तोंड हलवायला उभा करू नये. आमच्या घरातलं कोणी तसं उभं राहणार नाही. शिमग्याला पालखीपुढे मी येणार आहे."

तात्या खांबाला टेकून बसले होते. त्यांनी मान खाली घातली.

"आणि पेटी लावली तर?" दादासाहेबांनी विचारलं.

"लावा. मी तिच्या शेजारी वाजवीन."

"कोण ऐकणार तुझं?" एक जण हसला. "पेटीपुढे तुझी पिपाणी?"

"माहीत नाही."

"तुला अडवलं तर?" दादासाहेब म्हणाले.

 गावात राहणारे तात्या होते, त्यांच्या सुना होत्या, नातवंडं होती. मला ते सगळे दिसत होते. नऊच्या नऊ जण माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होते.

"अडवायला माणसं ठेवावी लागतील," मी म्हणालो.

शिमग्याला तेरा दिवस आहेत. रोज पहाटे मी धून बसवतोय. दुसऱ्या ओळीत माझा श्वास तुटतो. माझ्या डाव्या बाजूला सूर धरायला कोणी नाही, तेव्हा तो तुटलेला सगळ्या गावाला ऐकू जाईल. पेटीतले बाबा माझ्यापेक्षा चांगले वाजतील. लोक हसतील. मला आत्तापासून भीती वाटते आहे.

मी वाजवणार आहे.